वलूरकचा संघाराम

जुन्या सांगवीच्या खालच्या अंगाला पवना मुळेला मिळते. तिथवर पोहोचण्यापूर्वी चिंचवडच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिराच्या पायऱ्या आणि पिंपरीच्या कारखान्यांची पिछाडी तिने मागे टाकलेली असते. आणि त्याच्याही पुष्कळ आधी, तुंग-तिकोन्याच्या छायेतील पवन मावळातून येताना, ज्या डोंगररांगेत दोन सहस्र वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंची वसती नांदत होती तिच्या पायथ्याची शिवारे तिने भिजवलेली असतात. ही वसती म्हणजे बेडसे. रांगेच्या पलीकडे, इंद्रायणीच्या खोऱ्यात, भाजे आणि कार्ले. आणि अलीकडे, देहूरोड ओलांडून घोरावाडीच्या स्थानकाजवळ गेले की जवळच्या टेकडीत शेलारवाडीची लेणी. दापोडीच्या फलाटावर लोणावळ्याची लोकल पकडणारा सांगवीकर तासा-दीड तासाच्या प्रवासात चार प्राचीन संघारामांच्या, म्हणजे भिक्षूंच्या मठांच्या, परिसरातून जातो. या संघारामांना लोक पांडवांची लेणी म्हणतात, पाठ्यपुस्तके त्यांना शिल्पकलेचे नमुने म्हणतात. परंतु ज्या माणसांनी ती उभी केली त्यांनी आपली नावे त्यांच्या खांबांवर स्वतः लिहून ठेवली आहेत, आणि ती वाचल्याशिवाय या मुलखाचा इतिहास शिवकाळाच्या मागे नेता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे भिक्षू याच डोंगरात का आले, याचे उत्तर नकाशा देतो. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल देशावर चढवायचा तर सह्याद्रीच्या घाटांखेरीज वाट नव्हती, आणि त्या घाटांपैकी बोरघाटाची वाट चढून आले की पहिले सपाट, पाण्याचे खोरे लागते ते इंद्रायणीचे. येथून पुढे पैठण, तगर, जुन्नर अशा पेठांकडे तांडे जात. संसार सोडलेल्या माणसाला एकांत हवा असे, पण त्याची उपजीविका भिक्षेवर असल्यामुळे मनुष्यवस्ती फार दूर असूनही चालत नसे. म्हणून त्याने जागा निवडली ती अशी, की जिथून वाट दिसावी पण वाटेचा गलबला ऐकू येऊ नये. पावसाळ्याचे महिने एके ठिकाणी राहण्याचा भिक्षूंचा नियम होता, त्यास वर्षावास म्हणत. आणि मावळातील पावसाळा ज्याने अनुभवला आहे त्याला सांगावयास नको की त्या दिवसांत डोक्यावर पाषाणाचे छत असणे ही चैन नव्हती, गरज होती.

या परंपरेचा आरंभ भाजे येथे दिसतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या तिथल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत, कारण ज्या लाकडी सभागृहांच्या धर्तीवर ते घडवले त्यांचे खांब छताचा भार पेलण्यासाठी तसेच कललेले असत. दगडाला या काळजीचे कारण नव्हते, तथापि कारागिराचा हात जुन्या सवयीने चालत राहिला. भाज्यालाच एकाशेजारी एक असे चौदा लहान स्तूप आहेत, पाच छताखाली आणि नऊ उघड्यावर, आणि त्यांतील काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी स्थविरांची नावे कोरलेली आहेत. मठातील वृद्धांचे हे स्मृतिस्थान होय.

बेडसे त्यानंतरचे. तिथला कारागीर डोंगराचा दर्शनी कडा जसाच्या तसा ठेवून, त्यात केवळ एक अरुंद बोळ पाडून आत शिरला. त्यामुळे बाहेरून पाहणाराला काहीच दिसत नाही, आणि बोळातून पुढे झाले की अकस्मात पंचवीस फुटांहून उंच असे स्तंभ समोर येतात, ज्यांच्या शिरोभागी हत्ती, घोडे आणि त्यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची युगुले बसली आहेत. हे दान नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे. पलीकडच्या पाण्याच्या कुंडाजवळ एका महाभोजाच्या कन्येचे, सामदिनिका नामक महारठिणीचे, नाव आहे. आणि एका लहान स्तूपावर गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्षूची आठवण त्याच्या असळमित नामक शिष्याने कोरवून ठेवली आहे. एका व्यापाऱ्याचा मुलगा, एक सरदारकन्या आणि एक शिष्य, अशी तीन माणसे तीन निरनिराळ्या कारणांनी एकाच डोंगरावर एकत्र आलेली इथे दिसतात.

या सर्वांचा कळस म्हणजे कार्ले. तत्कालीन लोक त्या स्थानाला वलूरक म्हणत. इथले चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच आहे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत याहून मोठे दुसरे नाही. त्यात एकंदर ३७ खांब आहेत: दोन बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपाच्या मागे अर्धवर्तुळात सात. बाजूच्या खांबांचे तळ घटाच्या आकाराचे, माथे उलट्या कमळासारखे, आणि त्या माथ्यांवर मध्यभागाकडे तोंड करून गुडघे टेकलेले हत्ती. मागचे सात मात्र साधे, अष्टकोनी, कसलेही नक्षीकाम नसलेले. शोभेचा सारा थाट उपासकाच्या वाटेवर उभा करून स्तूपाच्या पाठीमागे मात्र साधेपणाचे व्रत पाळावे, ही योजना ज्याने केली त्याला कलेइतकेच धर्माचेही मर्म उमगलेले होते.

वर पाहावे तो छताला लाकडी कमानी आहेत. त्या दगडी छताला आधार देत नाहीत, तशी आवश्यकताही नाही. जुन्या लाकडी मंदिरांची खूण म्हणून त्या बसवल्या, आणि आश्चर्य असे की पाषाणाच्या कुशीत कोरड्या राहिल्याने त्या लाकडांनी एकोणीस-वीस शतके काढली. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच आहे, आणि त्याच्या खालच्या अंगावर, जिथे सहसा कोणाची नजर जात नाही, तिथे नाजूक नक्षी कोरलेली आहे. दर्शनी भिंतीतील पिंपळपानाच्या आकाराच्या विशाल गवाक्षातून येणारा प्रकाश स्तंभांच्या रांगा अंधारात ठेवून नेमका स्तूपावर उतरतो. मूर्तीची प्रथा अद्याप रुजली नव्हती. बुद्धाचे स्थान तो निराकार अर्धगोल भागवीत होता, आणि प्रकाशाची ही रचना त्याच्यापुढे नमस्कारासाठी हात जुळावेत यासाठीच केलेली आहे.

हे गृह वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने पुरे केले, असे दर्शनी भिंतीवर लिहिले आहे; जंबुद्वीपात सर्वोत्तम असे शैलगृह, हा त्याचा दावा होता आणि तो त्याने निःसंकोच कोरवला. परंतु भूतपालाचे नाव वाचून थांबणारा वाचक फसतो, कारण आत शिरून एकेक खांब न्याहाळला म्हणजे कळते की हा प्रासाद एका धनिकाचा नाही. दारासमोरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीने दिला. एका प्रवेशद्वाराचा दाता धेनुकाकट नावाच्या गावचा सिंहदत्त, याचा धंदा सुगंधी द्रव्ये विकण्याचा. द्वार घडवणारा वेणुवासाचा पुत्र सामी नावाचा सुतार. त्यानेही आपले आणि आपल्या बापाचे नाव कोरले. एक खांब धेनुकाकटच्या व्यापाऱ्यांच्या समूहाने मिळून दिला. एक सोपाऱ्याच्या सातिमित नामक सूत्रपाठकाने दिला, आणि त्यात पवित्र अवशेष ठेवल्याचे नमूद केले. भिक्षुणींचीही दाने आहेत. आणि कित्येक खांबांवर दात्याच्या नावामागे ‘यवन’ हे विशेषण आहे: सिहधय यवन, यसवधन यवन, चुलयख यवन. हे लोक पश्चिमेकडून व्यापारासाठी आलेले ग्रीक असोत की त्यांचे इथे स्थायिक झालेले वंशज, त्यांनी प्राकृत भाषा आणि ब्राह्मी अक्षरे स्वीकारून, इतर उपासकांच्या रांगेत आपलाही एक खांब उभा केला. त्यांचा खांब शेजाऱ्याच्या खांबाहून ना उंच आहे ना ठेंगणा.

शेलारवाडीचे एक लेणे तर याहून बोलके आहे. धेनुकाकटचाच उसभणक नावाचा एक कुणबी, नांगर धरणारा. त्याची पत्नी सिअगुतणिका हिने, नंद गृहपती या आपल्या मुलासह, ते दान केले. ज्या घरात धान्य मोजून खर्चावे लागत असेल त्या घरातील बाईने डोंगरात एक खोली कोरून घेतली आणि ती अपरिचित संन्याशांना राहावयास दिली. आपल्या मुलखातील शेतकरी स्त्रीच्या स्वतःच्या नावाचा इतका जुना दाखला या पंचक्रोशीत मला दुसरा ठाऊक नाही, आणि म्हणूनच शेलारवाडीच्या त्या ओबडधोबड खोलीपुढे माझे मस्तक कार्ल्याच्या भव्यतेपुढे लवते त्याहून अधिक लवते.

दानाने वास्तू उभी राहते, पण ती नांदती ठेवण्यास कायमचे उत्पन्न लागते. आणि इथे राजसत्तेचा प्रवेश होतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी हा मुलूख क्षहरात क्षत्रप नहपानाच्या अमलाखाली होता. त्याचा जामात, दिनिकपुत्र उषवदात, याने कार्ल्याच्या लेखात आपल्या दानधर्माची लांबलचक यादी दिली आहे: तीन लक्ष गाई, बार्णासा नदीवर सुवर्णदान, देवब्राह्मणांना सोळा गावे, प्रभासक्षेत्री ब्राह्मणांचे विवाह, आणि शेवटी वलूरकच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या प्रव्रजितांच्या चरितार्थासाठी करजिक नावाचे गाव. ब्राह्मणांना गाई देणारा आणि भिक्षूंना गाव देणारा हात एकच होता, ही गोष्ट त्या काळाचे मन समजून घेताना विसरून चालत नाही.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा निःपात केला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नहपानाच्या शिक्क्यावर गौतमीपुत्राचा शिक्का पुन्हा उमटवलेला आहे. राज्यक्रांतीची इतकी बिनतोड साक्ष क्वचितच मिळते. परंतु नाणी पुन्हा छापणाऱ्या या विजेत्याने मठाचे गाव खालसा केले नाही. मामालच्या, म्हणजेच आपल्या मावळच्या, अमात्यास त्याने आज्ञा धाडली, आणि ती कार्ल्याच्या भिंतीवर आजही आहे: वलूरकच्या भिक्षूंकडे तेच करजिक (या लेखात करजक) गाव चालवावे, त्यात सरकारी अंमलदाराने शिरू नये, कोणत्याही वस्तूस हात लावू नये, मिठासाठी जमीन खणू नये, परगण्याच्या चौकीपहाऱ्याने तिथे अधिकार चालवू नये. उत्तरकालीन दफ्तरात ज्याला सर्व बाबींसह इनाम आणि दुमाला असे म्हटले असते, त्याचा मसुदा इथे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच बांधलेला आढळतो. चिंचवडच्या देवस्थानाला याच मावळ-पुणे प्रांतातील गावे इनाम देताना ज्या कारकुनांनी सनदा लिहिल्या, त्यांना आपण किती जुनी वहिवाट पुढे चालवीत आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. परंतु वहिवाट तीच होती. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी ओखळकीयांच्या सोमदेव महारठीने आणखी एक गाव संघाला करांसह दिले. चोविसाव्या वर्षी अबुलामाचा रहिवासी, सेतफरणाचा पुत्र हरफरण, याने महासांघिक पंथाच्या भिक्षूंसाठी नऊ खोल्यांचा मंडप कोरवून दिला.

रोख रकमेची व्यवस्था कशी होती, हे उषवदाताचाच नाशिक येथील लेख सांगतो. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले: दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत काढावयाचे नाही, केवळ व्याज खर्चावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब मांडून पाहावा, वर्षाचे दोनशे चाळीस व्याज आणि दोनशे चाळीस खर्च, एक कवडीही इकडेतिकडे नाही. दान देणाराला शंभर वर्षांनंतरच्या भिक्षूच्या अंगावरील वस्त्राची चिंता होती, आणि विणकरांच्या श्रेणीला तितका काळ पैसा सांभाळण्याचा भरवसा होता. या दोन गोष्टींवर संघारामाचे आयुष्य उभे होते.

अशा संस्था जगात अन्यत्रही झाल्या. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे बाराव्या शतकापासून सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठवासीयांनी लोकवस्तीपासून दूरच्या नदीखोऱ्यांत मठ वसवले. वाय नदीकाठचा टिंटर्न मठ ११३१ मध्ये वॉल्टर द क्लेअर या सरदाराने स्थापला; १२०१ मध्ये मॅडोग अप ग्रिफिथ या वेल्श राजाने व्हॅले क्रूसिसचा मठ उभारला. एकांताचा शोध, सरदारांची भूमिदाने, शेती व मेंढपाळीवर चाललेला मठाचा प्रपंच, या साऱ्यांत आपल्या वलूरकशी त्यांचे नाते जुळते. अंत मात्र निराळा झाला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पोपशी वैर धरले, १५३६ मध्ये दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी टिंटर्नचे मठवासी बाहेर पडले. पुढल्या वर्षी व्हॅले क्रूसिसची पाळी आली. टिंटर्नच्या छपरावरील शिसेदेखील उतरवून नेण्यात आले, आणि छप्पर गेल्यावर पावसाने उरलेले काम केले. तिथल्या विध्वंसाला तारीख आहे, फर्मान आहे, मोजदाद आहे.

वलूरकच्या अंताला असे फर्मान नाही. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता ओसरली, रोमशी चालणारा व्यापार मंदावला, आणि ज्या वाटेने दाते येत ती वाट रोडावली. पाचव्या-सहाव्या शतकांत पुन्हा एकदा चैतन्य आले. महायान पंथाच्या उपासकांनी कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर, जुन्या दंपतिशिल्पांच्या शेजारी, जिथे मोकळी जागा सापडली तिथे बुद्धमूर्ती कोरल्या. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन-त्संग या चिनी यात्रेकरूने शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्षू असल्याचे लिहिले आहे. त्यानंतर मात्र राजाश्रय आणि लोकांची श्रद्धा हळूहळू अन्य देवतांकडे वळली, गावांचे उत्पन्न तुटले, आणि एके वर्षी पावसाळ्यात डोंगर चढून कोणी भिक्षू आला नसावा. टिंटर्नला शत्रूने रिकामे केले, वलूरकला विस्मृतीने. मानवी संस्थांना यांपैकी दुसरा मृत्यू अधिक वेळा येतो, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवावयास कोणी शिल्लक राहत नाही.

रिकाम्या लेण्यांत नवी दैवते आली. शेलारवाडीच्या लेण्यात घोरावडेश्वर महादेव स्थापन झाला. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर, जिथे बहुधा दुसरा सिंहस्तंभ असावा तिथे, आई एकवीरेचे मंदिर उभे राहिले, आणि चैत्रात कोकणातून कोळी-आगरी बांधव पालख्या घेऊन तोच बोरघाट चढून तिच्या दर्शनाला येऊ लागले. जी वाट व्यापाऱ्यांची होती ती आता भाविकांची झाली. तीच वाट लष्करांचीही होती: १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चाल करून येणारी इंग्रजांची फौज याच खोऱ्यात अडली, आणि ज्याला मराठे इष्टूर फाकडा म्हणत तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला, त्याच महिन्यात वडगावचा तह झाला.

या सर्व काळात भिंतीवरची अक्षरे समोर असूनही मुकी होती. ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या लोपली होती, म्हणून लोकांनी हे काम पांडवांच्या नावावर घातले. मनुष्यहस्ताला अशक्य वाटणारे काम देवतुल्य वीरांचे मानण्यात श्रद्धा होती, तथापि त्यामुळे सामी सुताराचे श्रेय सामीला मिळेनासे झाले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचे कोडे उलगडल्यावर, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केल्यावर, ती माणसे पुन्हा बोलू लागली. पुण्यात राहणारे दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती असूनही या डोंगरांत पायी हिंडले, जुन्या पाऊलवाटा आणि लेणी यांची सांगड त्यांनी घातली, आणि १९५५ मध्ये लिहिलेल्या निबंधात धेनुकाकट हे गाव कार्ल्याच्या जवळपासच असले पाहिजे असे प्रतिपादन केले. सर्वांना ते मान्य झाले नाही; परंतु लेण्यांकडे केवळ कलेचे अवशेष म्हणून न पाहता व्यापार, शेती आणि वाटा यांच्यासह पाहावे, ही दृष्टी त्यांनी दिली आणि ती टिकली.

त्याच सुमारास या पट्ट्यात दोन घटना घडल्या. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि जुन्या व्यापारी वाटेवर औद्योगिक वसाहतीची मुहूर्तमेढ रोवली गेली. आणि त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची बौद्ध धर्माची दीक्षा अद्याप दोन वर्षे दूर होती. शेलारवाडीची टेकडी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. देहूरोडच्या त्या विहारामागे कोणी क्षत्रप नव्हता, सातवाहन नव्हता, इनामाचे गाव नव्हते. जातीच्या उतरंडीत तळाशी ढकलल्या गेलेल्या कष्टकऱ्यांच्या श्रद्धेने तो उभा राहिला. सिअगुतणिकेने जे केले तेच त्यांनी केले: आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून सर्वांसाठी एक जागा निर्माण केली.

म्हणून मावळची लेणी पाहावयास जाणाराने खांबांची उंची मोजावी, पण तेवढ्याने परतू नये. भारतीय पुरातत्त्व खात्याने ती राखली आहेत, पायऱ्या बांधल्या आहेत. राहिलेले काम आपले आहे. आपल्या पंचक्रोशीतील शाळांतून मुलांना पांडवांच्या कथेसोबत सामी, सिंहदत्त, सातिमित, सिअगुतणिका ही नावे शिकवली जावीत. लेण्यांपाशी त्यांच्या लेखांचा मराठी अर्थ सर्वांना वाचता येईल असा लावला जावा. राजांच्या सनदा एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे गेल्या आणि संपल्या. एकेक खांब देणाऱ्यांनी उभे केलेले गृह मात्र अद्याप डोक्यावर छत धरून उभे आहे. ज्या भूमीत सुताराला, कुणब्याच्या बायकोला आणि परदेशी व्यापाऱ्याला एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत आपले नाव लिहिण्याचा मान होता, त्या भूमीचे आपण वारस आहोत, आणि त्या मानाला शोभेल असे वागणे हेच त्या दानाचे व्याज आहे.